सोडचिठ्ठी द्यायची कुणी?

१८१८च्या मे महिन्यात जनरल मन्रोच्या फौजेनं सोलापूरचा किल्ला घेतला. तोफांचं काम काही दिवसांतच आटोपलं. महसुलाची घडीही नव्या सरकारनं हळूहळू बसवली. गाडं अडलं ते घरगुती भांडणापाशी. बायको माहेरी जाऊन बसली आहे, नवरा नांदवतही नाही आणि सोडतही नाही, पाटाच्या बायकोच्या पोराला भाऊबंद वाटा देत नाहीत, अशा तक्रारी तोवर जातीच्या पंचांपुढं जात. आता त्या साहेबापुढंही येऊ लागल्या, आणि साहेबाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन या बाबतीत सावध होता. बंगालमध्ये कंपनीनं पंडित हाताशी धरून संस्कृत ग्रंथांतून हिंदूंचा कायदा काढला होता. पण दख्खनमधल्या कुणब्यांचं, धनगरांचं, माळ्यांचं, कोष्ट्यांचं रोजचं वागणं त्या ग्रंथांवर चालत नाही, हे एल्फिन्स्टननं पुण्यात राहून पाहिलेलं होतं. त्याच्या कारकिर्दीत आर्थर स्टील या अधिकाऱ्यानं दख्खनमधल्या जातींच्या चालीरीती विचारून विचारून लिहून काढल्या आणि ते पुस्तक १८२७ साली सरकारी हुकमानं छापलं गेलं. त्याच वर्षीच्या चौथ्या रेग्युलेशनच्या २६व्या कलमानं मुंबई इलाख्यातल्या कोर्टांना क्रमही आखून दिला. आधी सरकारचा लेखी कायदा. तो नसेल तर देशरूढी. रूढीही सापडली नाही तर प्रतिवादीचा धर्मशास्त्रीय कायदा. आणि काहीच हाती लागलं नाही तर न्याय, समता आणि सद्सद्विवेक. म्हणजे शास्त्र तिसऱ्या पायरीवर आणि रूढी त्याच्या वर. कागदावर पाहिलं तर ही मोठीच गोष्ट होती.

या रूढींत होतं काय? स्टीलच्या नोंदींत आणि पुढं १८८४ साली निघालेल्या सोलापूर जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये जातवार माहिती आहे, आणि एक रेघ त्यात ठळक दिसते. ब्राह्मणांत आणि त्यांच्या वाटेनं जाणाऱ्या काही जातींत लग्न एकदाच, सोडचिठ्ठी नाही, विधवेला पुनर्विवाह नाही. कष्टकरी जातींत मात्र दोन प्रकार. एक लग्न आणि दुसरा पाट. नवरा वारला किंवा त्यानं रीतसर सोडलं, तर बाई पाट लावू शकत असे. पाटाला लग्नाचा मान नव्हता. तो रात्री, बहुधा अंधाऱ्या पंधरवड्यात लागायचा. वाजंत्री नाही, वरात नाही, सवाष्णी तिथं थांबायच्या नाहीत. पण त्यातून झालेली मुलं औरस धरली जात आणि बाई चारचौघांत त्या घरची म्हणून वावरायची. कमीपणा होता, पण दार उघडं होतं.

सोडचिठ्ठीची रीतही ठरलेली. पंच पारावर किंवा चावडीत बसायचे, दोन्हीकडचे पाहुणे यायचे, हमरीतुमरी व्हायची. मुलीबद्दल देज म्हणून किती पैसे दिले होते, दागिने कुणाकडं आहेत, पोरं कुठं राहायची, हे तिथंच निघायचं. तुटायचंच असं ठरलं की पहिल्या नवऱ्याला लग्नखर्चाची भरपाई, जातीला दंड किंवा जेवण, आणि सर्वांदेखत काडी मोडायची. बैठक उठली की प्रकरण संपलं.

या पंचायतीचं गुणगान करायचा मोह होतो. पुष्कळ लेखकांना तो झालाही आहे. पण तिथं बसणारे सगळे पुरुष. बाईची बाजू मांडायची ती तिच्या बापानं किंवा भावानं. त्यांचं पंचांशी वैर असलं की बाईचं नशीब फिरलंच. आणि पंचांचा निकाल मानला नाही तर रोटीबेटी बंद. स्टीलनंही रूढी विचारल्या त्या शास्त्र्यांना आणि जातीच्या म्होरक्यांना. विहिरीवरच्या बायकांना विचारून त्यानं लिहिलं असतं तर ते पुस्तक कसं झालं असतं, कोण जाणे. एवढं मात्र पंचायतीच्या पदरात टाकावंच लागतं की अडकलेल्या बाईला सुटायला तिथं एक वाट होती, आणि त्या वाटेवर उमेदीची वर्षं जात नसत.

ती वाट बुजवली कोर्टांनी. १८६० साली भारतीय दंडसंहिता आली. तिच्या ४९४व्या कलमानं पहिला जोडीदार हयात असताना केलेलं दुसरं लग्न, ते कायद्यानं निरर्थक ठरत असेल तर, गुन्हा ठरवलं. शिक्षा सात वर्षांपर्यंत. हिंदू पुरुषाला हे कलम लागूच होत नव्हतं, कारण त्याला हव्या तितक्या बायका करायची मुभा होती. त्याचं दुसरं लग्न निरर्थक ठरायचं कसं? कलम लागायचं ते बाईला, आणि तिच्याशी पाट लावणाऱ्याला. १८६२ साली मुंबईचं उच्च न्यायालय उभं राहिलं आणि दोनच वर्षांत, १८६४ मध्ये, गुजरातेतल्या कोळी समाजाचं प्रकरण त्याच्यापुढं आलं. नवऱ्याच्या संमतीवाचून त्याला सोडून दुसरं घर करायची त्या जातीत चाल होती. न्यायालय म्हणालं, ही चाल हिंदू कायद्याच्या वृत्तीविरुद्ध आहे, आम्ही ती मानत नाही. मग १८७६ साली ‘राणी सरकार विरुद्ध संभू रघू’ हा निकाल लागला. लग्न रद्द ठरवायचा किंवा नवरा हयात असलेल्या बाईला पुन्हा लग्न करायची परवानगी द्यायचा जातीला अधिकारच नाही, असं त्यात ठरलं. ‘जातीनं परवानगी दिली होती, आम्ही भाबडेपणानं विश्वास ठेवला’ ही सबबही चालली नाही.

१८२७ साली रूढी शास्त्राच्या वर होती. पन्नास वर्षांत न्यायमूर्तींनीच तिला चाळणी लावली, आणि चाळणीची जाळी विणली होती ब्राह्मणी ग्रंथांतल्या आणि इंग्लंडच्या चर्चमधल्या लग्नाच्या कल्पनेनं. दोघांची राजीखुशी असेल तर रूढीचा घटस्फोट न्यायालयं मानत राहिली. १८७३चा तसा निकाल आहे. पण एकाची ना असेल तर पंचांचा शब्द फोल. १९१५ साली हे पुन्हा पक्कं झालं. जातीनं ठरवलेली रक्कम भरून जोडीदाराच्या मनाविरुद्ध लग्न मोडायची रूढी न्यायालयानं नाकारली. आता व्यवहारात याचा अर्थ काय होतो, तो बघा. पुरुषाला बायकोच्या संमतीची गरजच नव्हती. तो दुसरी करून आणायचा आणि मोकळा व्हायचा. अडायची ती बाई. ‘ना नांदवतो, ना सोडतो’ ही सोलापूरकडच्या बायकांच्या तोंडची तक्रार मला या निकालांची बोलीभाषेतली प्रत वाटते.

संभू रघूच्या निकालाच्या सुमारास आपल्या जिल्ह्यात, पंढरपुरात, एका न्यायाधीशानं जे केलं ते न्यायदानाच्या इतिहासात सहसा सांगितलं जात नाही. लालशंकर उमियाशंकर त्रवाडी हे गुजराती गृहस्थ तिथं न्यायाधीश होते. पंढरपूर म्हणजे चारी दिशांची वारी. टाकलेल्या, वाट चुकलेल्या, पोटुशी राहिलेल्या विधवा गर्दीत मिसळून तिथं यायच्या. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता, पण वरच्या जातींत त्याचा आधार घ्यायची छाती कुणाची होत नव्हती. मग चंद्रभागेच्या वाळवंटात, एखाद्या देवळाच्या ओवरीत, जन्मलेलं मूल टाकून दिलं जाई, किंवा मारलं जाई. त्या बाईवर खुनाचा खटला चालायचा. मुलाच्या बापाला कोर्टाचा शिपाई पुकारत नसे. १८७५ साली लालशंकर यांच्या पुढाकारानं पंढरपुरात टाकलेल्या मुलांसाठी आश्रम सुरू झाला. तो मुंबई प्रार्थना समाजानं चालवला आणि पुढं वासुदेव बाबाजी नवरंगे यांच्या नावानं ओळखला जाऊ लागला. त्याआधी बारा वर्षं, १८६३ मध्ये, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलंच होतं. पण इथं न्यायासनावर बसलेला माणूस आपल्या हातातला कायदा तोकडा आहे हे ओळखून कोर्टाच्या बाहेर पाळणा बांधतो आहे. लगोलग १८७६-७७चा दुष्काळ पडला. सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला. पाळण्याची गरज किती होती हे वेगळं सांगायला नको.

त्या १८५६च्या कायद्याची एक पीडाही होती. पुनर्विवाह केलेल्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क त्यानं काढून घेतला. ज्या जातींत पाट पूर्वापार चालत होता, त्यांना या कायद्याची गरजच नव्हती. तरी मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं ‘विठू विरुद्ध गोविंदा’ या प्रकरणात ही जप्ती त्यांनाही लागू धरली. अलाहाबादच्या न्यायालयानं नेमकी उलटी भूमिका घेतली होती. सुधारणेचा कायदा एका जातीच्या बाईसाठी झाला आणि किंमत दुसऱ्या जातीच्या बाईकडून वसूल झाली. हे आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासात फारसं येत नाही.

रखमाबाईंचा खटला सर्वांना ठाऊक आहे, म्हणून दोनच गोष्टी. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीला नांदायला आणण्यासाठी दादाजी भिकाजींनी १८८४ साली मुंबईत दावा लावला. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ मध्ये तो फेटाळताना म्हटलं की असा दावा हिंदू कायद्यात मुळातच नाही, तो इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून आलेला आहे. अपिलात ते टिकलं नाही. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की महिन्याभरात नवऱ्याकडं जा, नाहीतर तुरुंगात. तुरुंग पत्करीन म्हणणारी ही मुलगी सुतार समाजातली, तिच्या आईचा स्वतःचा पुनर्विवाह झालेला. आणि ज्या इंग्लंडातून हा दावा आला तिथं १८८४ सालीच, म्हणजे दादाजींनी दावा लावला त्याच वर्षी, या कारणासाठी तुरुंगात टाकणं बंद झालं होतं. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पैसे घेऊन नवरा बाजूला झाला. पंचांपुढं गेलं असतं तर बहुधा हेच झालं असतं, फक्त चार वर्षं लागली नसती. नांदायला आणण्याचा तो परदेशी दावा मात्र आपण जपून ठेवला. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याचं नववं कलम म्हणजे तोच. इंग्लंडनं १९७० साली तो कायमचा टाकून दिला. सोलापुरात आजही तो रीतसर दाखल होतो.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर मुंबई प्रांतानं दोन कायदे केले, आणि त्या काळी ते देशात पुढचं पाऊल होते. १९४६चा द्विभार्याप्रतिबंधक कायदा आणि १९४७चा हिंदू घटस्फोट कायदा. पहिल्यानं हिंदू पुरुषाची शतकानुशतकांची मुभा गेली, दुसऱ्यानं ब्राह्मणाच्या मुलीलाही घटस्फोट मिळू लागला. सोलापूर तेव्हा सरहद्दीवरचा जिल्हा. उत्तरेला तुळजापूरकडं निघालं की थोड्याच वेळात निजामाची हद्द लागायची. आजूबाजूला अक्कलकोटसारखी संस्थानं. कायदा प्रांताच्या वेशीपर्यंत आणि सोयरीक मात्र वेशीपलीकडं, असा मामला. प्रांताबाहेर जाऊन केलेलं दुसरं लग्नही कायद्यात धरलं होतं. पण राज्याच्या विधिमंडळाला आपल्या हद्दीबाहेरच्या लग्नांवर असा हात टाकता येणार नाही, असं पुढं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं ‘नारायणदास’ प्रकरणात ठरवलं.

तोवर राज्यघटना आली होती आणि १९४६च्या कायद्यालाच आव्हान मिळालं. ‘मुंबई राज्य विरुद्ध नरसू आप्पा माळी’. युक्तिवाद साधा होता. मुसलमानाला चार बायका चालतात, मग हिंदूलाच शिक्षा का? हा धर्मावरून केलेला भेदभाव नव्हे काय? २४ जुलै १९५१ रोजी मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छगला आणि न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी कायदा वैध ठरवला. सरकार सुधारणा टप्प्याटप्प्यानं आणू शकतं, एका समाजापासून सुरुवात करू शकतं, हा त्यातला समजूतदार भाग. दुसरा भाग असा की संहिताबद्ध न केलेला वैयक्तिक कायदा घटनेच्या तेराव्या अनुच्छेदातल्या ‘अमलातल्या कायद्यां’त मोडत नाही, म्हणून मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तो घासता येत नाही. हा भाग मला आजही गळ्याखाली उतरत नाही. गंमत म्हणजे छगला स्वतः समान नागरी कायद्याचे पुरस्कर्ते होते. माळ्याच्या घरातल्या दुसऱ्या लग्नाचं प्रकरण, आणि त्यातलं एक वाक्य पुढं सत्तर वर्षं सर्व धर्मांच्या बायकांच्या आड येत राहिलं.

हेच दोन न्यायमूर्ती थोड्याच दिवसांत पुन्हा या गोष्टीत येतात. घटना समितीच्या सदस्य दुर्गाबाई १९५३ साली चीनला गेल्या होत्या. आठव्या वर्षी लग्न झालेल्या आणि जाणत्या वयात ते नातं नाकारलेल्या या बाई त्याच वर्षी महाडजवळच्या नाते गावच्या चिंतामणराव देशमुखांशी विवाहबद्ध होऊन देशमुख झाल्या होत्या. चीनमध्ये त्यांनी कुटुंबाच्या तंट्यांसाठी वेगळी न्यायालयं पाहिली. परत आल्यावर छगला आणि गजेंद्रगडकर यांच्याशी त्यावर चर्चा केली आणि मग पंडित नेहरूंपुढं प्रस्ताव ठेवला. फाईल तीस वर्षं फिरली. १९७४ मध्ये विधी आयोगाच्या ५९व्या अहवालानं जोर लावला, १९७६ मध्ये दिवाणी प्रक्रिया संहितेत कौटुंबिक दाव्यांसाठी वेगळा आदेश घातला गेला, आणि कौटुंबिक न्यायालय कायदा १९८४ साली झाला. महाराष्ट्रात पुण्याला आणि मुंबईला १९८९ मध्ये ही न्यायालयं सुरू झाली. सोलापूरला ती यायला आणखी बराच काळ गेला.

या कायद्यात पंचायतीची ओळखीची लकब दिसते. नवव्या कलमाप्रमाणं न्यायालयानं आधी तडजोडीचा प्रयत्न करायचा. अकराव्या कलमानं सुनावणी बंद दाराआड होऊ शकते. चौदाव्यानं पुराव्याच्या कायद्याचा काच सैल केला, उपयोगी पडेल ते सगळं बघता येतं. आणि तेराव्यानं वकील लावण्याचा हक्कच काढून घेतला. न्यायालयाला वाटलं तर सल्लागार म्हणून मदतीला घ्यावा, एवढंच. मुंबई उच्च न्यायालयापुढं हे कलम टिकलं, पण ‘लीला महादेव जोशी’ प्रकरणात वकिलांना परवानगी कधी आणि कशी द्यायची याच्या सूचनाही त्यानं दिल्या, आणि तेव्हापासून परवानगीचा अर्ज हा दाव्याबरोबर जोडायचा आणखी एक कागद होऊन बसला. शिकल्या-सवरलेल्या नवऱ्यापुढं एकट्या उभ्या राहिलेल्या बाईचा विचार केला तर ते बरंच झालं.

खरं नवं काही असेल तर ते विवाह समुपदेशकाची खोली. न्यायाधीशाच्या दालनाइतका तिचा दरारा नाही. टेबल, तीन-चार खुर्च्या, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं, कोपऱ्यात भेटीला आलेल्या पोरांसाठी खेळणी. नवरा-बायको आधी वेगवेगळे, मग समोरासमोर. सासू किंवा मामा आत घुसायला बघतात, त्यांना बाहेर बसवावं लागतं. इथं बोललेलं न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही आणि समुपदेशकाला साक्षीला ओढता येत नाही. पारावरच्या बैठकीत आणि या खोलीत फरक हाच की इथं बाई स्वतः बोलते, आणि गावाला ऐकू जात नाही. सोलापुरात ती मराठीत सुरुवात करते, रडू आलं की कानडीत, तेलुगूत किंवा दखनीत शिरते. विणकर पद्मशाली घरं तेलंगणातून आलेली, लिंगायतांच्या सोयरिकी विजापूर-कलबुर्गीपर्यंत. समुपदेशकाला कायद्याइतकाच कान लागतो.

खावटीच्या अर्जाला तर या शहराचा म्हणून एक रंग आहे. यंत्रमागावरचा कामगार मीटरवर पगार घेतो. पगारपत्रक नाही, मालक सांगेल ती मजुरी. बायको घरी विड्या वळते आणि तिच्याकडं मात्र विडी कामगार म्हणून ओळखपत्र आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक असतो. कागदोपत्री कमावती ती आणि बेकार तो! २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या, नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या प्रकरणात दोघांनीही उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं आणि खावटी अर्जाच्या तारखेपासून धरायची असं सांगितलं. शपथपत्रात काय लिहायचं हा प्रश्न सोलापूरच्या आशा नगरातल्या किंवा विडी घरकुलातल्या माणसाला पडतोच, पण निदान तारखेचा घोळ तरी मिटला.

एकपत्नीत्वाचा कायदा झाला म्हणून दुसरी बायको नाहीशी झाली नाही, तिचं फक्त नाव गेलं. १९६५च्या ‘भाऊराव लोखंडे’ प्रकरणात महाराष्ट्रातल्या एका माणसानं पहिली असताना गांधर्व पद्धतीनं दुसरी केली. कपाळाला कपाळ टेकवलं आणि लग्न लागलं. होम झाला नाही, सप्तपदी झाली नाही, तसली रूढीही सिद्ध झाली नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं दुसरं लग्न लागलंच नाही असं धरलं आणि शिक्षा रद्द झाली. विधी अपुरे ठेवले की गुन्हा नाही, हा धडा पुष्कळांनी गिरवला. १९८८च्या ‘यमुनाबाई विरुद्ध अनंतराव’ प्रकरणात दुसऱ्या बायकोला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली खावटीही नाकारली गेली. ती ‘पत्नी’च नव्हे, म्हणून. पाटाच्या बाईला जे मिळत होतं ते पोट भरण्यापुरतंही या बाईला मिळेना. पहिलं लग्न लपवून फसवलेल्या बाईला तरी खावटी द्यावीच लागेल, हे २०१३ साली ‘बादशाह विरुद्ध ऊर्मिला’ या प्रकरणात ठरायला पंचवीस वर्षं जावी लागली.

आणि २ डिसेंबर २०२२ रोजी आमच्याच जिल्ह्यातल्या अकलूजला एका तरुणानं दोन जुळ्या बहिणींच्या गळ्यात एकाच मांडवात हार घातले. चित्रफीत देशभर फिरली, राज्य महिला आयोगानं पोलीस अधीक्षकांना कळवलं, पोलिसांनी ४९४ खाली अदखलपात्र नोंद केली. तपासाची परवानगी मात्र न्यायालयानं दिली नाही. या गुन्ह्यात तक्रार घरच्या पीडित व्यक्तीनंच करावी लागते, आणि त्या मांडवात पीडित कुणी नव्हतंच. १८६०च्या कलमानं आणि १९४६च्या कायद्यानं जो नवरा कल्पिला होता तो दांडगट होता. दोघीही राजी असलेल्या या प्रकाराचं काय करावं, हे कुणाच्या ध्यानातच नव्हतं.

दोघांच्या राजीखुशीनं तुटणारं लग्न मात्र कायद्यानं उशिरा का होईना मानलं. १९७६च्या दुरुस्तीनं हिंदू विवाह कायद्यात कलम १३-ब आलं. सहा महिने थांबा, पुन्हा या, आणि अजूनही तसंच म्हणत असाल तर मोकळे व्हा. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही सहा महिन्यांची अटही योग्य प्रकरणी माफ होऊ शकते असं म्हटलं. सोलापूरच्या पंचांना हे १८२७ सालीच मान्य होतं.

म्हणून तर लोक अजूनही शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर ‘राजीखुशीनं सोडचिठ्ठी’ लिहून घेतात, चार पाहुण्यांच्या सह्या घेतात, नोटरीचा शिक्का मारतात आणि दुसरं लग्न उरकतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२) नं रूढीचा घटस्फोट शाबूत ठेवला आहे, हे खरं. पण ती रूढी तुमच्या समाजात आहे हे साक्षीपुराव्यानं शाबीत करावं लागतं. ‘यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला’ या प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयानं असाच कागद पाहून खटला खालच्या कोर्टात परत पाठवला. तिथं विचारा, अशी रूढी आहे का? ती शाबीत झाली नाही तर स्टॅम्पपेपरवर विसंबून उभा राहिलेला दुसरा संसार हवेतच लटकतो. आणि जातपंचायतीनं असा निकाल लादला, न मानणाऱ्याला वाळीत टाकलं, तर २०१७ पासून महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा त्या पंचांनाच कोठडीत घालू शकतो. नाशिकच्या एका मुलीच्या खुनानंतर २०१३ मध्ये अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं जातपंचायतींना मूठमाती देण्याची मोहीम उघडली, त्याचं हे फळ.

सरहद्दीचा त्रास तेवढा उरलाय. हिंदू विवाह कायद्यातल्या २००३च्या दुरुस्तीनं बायकोला ती राहते तिथं दावा लावता येतो. कलबुर्गीला माहेर असलेली बाई तिथं लावते, सोलापूरचा नवरा इथं लावतो, आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात दावा हलवायचा तर अर्ज थेट दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात. शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या दोन कोर्टांचा वाद मिटवायला हजारांवर किलोमीटर. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील करता येतं, ते दोन न्यायमूर्तींपुढं चालतं, आणि परस्परसंमतीच्या हुकमावर अपीलच नाही. पूर्वी सोलापूरचे पक्षकार रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये बसायचे आणि सकाळी मुंबईत उतरून चालत फोर्टमध्ये जायचे. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सोलापूरची प्रकरणं तिकडं गेली. अंतर कमी झालं खरं, पण झोपून जायची सोय गेली, अशी कुरकुर आता ऐकू येऊ लागली आहे.